बर्लिनमध्ये दोन दिवस: जर्मनीत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

जर्मनीत येऊन महिना-दीड महिना झाला की आन्मेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी), बँकेचं खातं, आरोग्य विमा ही सगळी धावपळ जरा निवळते. मग लक्षात येतं की विद्यापीठ, मेन्सा (विद्यापीठाची खानावळ), खोली आणि सुपरमार्केट यांच्यापलीकडे आपण काहीच पाहिलेलं नाही. हा लेख त्या टप्प्यावरच्या मुलामुलींसाठी आहे. मी माग्डेबुर्गला शिकते, तिथून बर्लिन जवळ, म्हणून बर्लिनचंच उदाहरण घेते. तुम्ही लाइपझिग, ड्रेस्डेन किंवा रोस्टोकला असाल तर जाण्या-येण्याच्या गाड्या तेवढ्या बदलतील, बाकी सगळं जसंच्या तसं चालेल.

सुरुवातीलाच एक आग्रह धरते. ‘बर्लिनमधली बघण्यासारखी पंचवीस ठिकाणं’ अशी यादी घेऊन निघू नका. बर्लिन अवाढव्य शहर आहे. यादी घेऊन फिरलं की दोन दिवस भुयारी रेल्वेत जातात आणि फोनमध्ये कमानींचे फोटो उरतात. त्यापेक्षा एक सूत्र पकडा आणि त्याच्या मागे चालत जा. कुणी संगीताचं सूत्र घेईल, कुणी वास्तुरचनेचं. पहिल्या खेपेला मी बर्लिनच्या भिंतीचं सूत्र सुचवते. १९६१ ते १९८९ या काळात साम्यवादी पूर्व बर्लिन आणि पश्चिम बर्लिन यांना तोडणारी ही भिंत. तीच का, कारण तिची रेषा आजही जमिनीवर दिसते, ती पाहायला जवळजवळ काही खर्च येत नाही आणि ती समजली की आजचं बर्लिन असं का आहे हे पुष्कळसं उलगडतं.

पायरी १: तिकीट

बऱ्याच विद्यापीठांच्या सेमिस्टर फीमध्ये डॉइचलांड तिकिटाची (देशभर स्थानिक वाहतुकीवर चालणाऱ्या मासिक तिकिटाची) विद्यार्थी आवृत्ती येते. तुमच्याकडे ती असेल तर प्रवासाचा खर्च भागलाच. नसेल तर साधं डॉइचलांड तिकीट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंना आहे (मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं होतं). ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. पुढच्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं, तेव्हा घेतल्या दिवशीच फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

हे तिकीट आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान (शहरी रेल्वे), यू-बान (भुयारी रेल्वे), ट्राम आणि शहर बसवर चालतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांवर आणि फ्लिक्सच्या गाड्यांवर चालत नाही. डीबीच्या (जर्मन रेल्वेच्या) अॅपमध्ये गाडी शोधताना फक्त स्थानिक वाहतुकीचा पर्याय निवडा, म्हणजे चुकून आयसीईत चढायची वेळ येणार नाही. तिकीट तुमच्या नावावर असतं, ते मित्राला देता येत नाही. तपासनीस फोटोचं ओळखपत्र मागू शकतात. बर्लिनमध्ये ते साध्या कपड्यांत फिरतात आणि वैध तिकीट नसेल तर ६० युरो दंड होतो. तिकीट फोनमध्ये आणि फोनची बॅटरी संपलेली, ही सबबही ऐकली जात नाही. पॉवर बँक घ्याच.

माग्डेबुर्गहून बर्लिनला आरई-१ थेट जाते, दोन तासांच्या आत पोचते. परत येताना मात्र डब्यावरची पाटी वाचून चढा, कारण याच क्रमांकाच्या काही गाड्या माग्डेबुर्गच्या आधीच, ब्रांडेनबुर्ग गावाला संपतात. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात. निघायच्या आदल्या रात्री अॅप पुन्हा बघा. मध्ये ‘एस.ई.व्ही.’ दिसलं तर तेवढ्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस असते. अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरा.

म्युनिक, श्टुटगार्ट, आखेनहून येणाऱ्यांनी आरई बदलत बदलत येण्याचा हट्ट करू नये. सगळा शनिवार गाडीत जाईल. त्यांनी शुक्रवारी रात्रीची बस घ्यावी किंवा आयसीईचं सवलतीचं तिकीट काही आठवडे आधी काढावं.

पायरी २: रात्रीचा मुक्काम

एक रात्र काढायची आहे, तेव्हा हॉस्टेलच्या डॉर्ममधला बेड पुरतो. गर्दीचा हंगाम सोडला तर साधारण २५ ते ४५ युरोंत मिळतो. जागा निवडताना देखणेपणापेक्षा स्टेशन बघा. या आराखड्याला सोयीचं स्टेशन म्हणजे वार्शाउअर श्ट्रासे. शनिवारची ट्राम तिथे संपते आणि रविवारी लागणारी यू-३ तिथूनच सुटते. तो भाग रात्रीच्या क्लबांचा आहे, शनिवारी पहाटेपर्यंत गजबज असते. ज्यांना शांत झोप हवी त्यांनी प्रेन्झलाउअर बेर्गमध्ये शोधावं.

बुकिंग करताना तीन गोष्टी तपासा. पहिली, शहराचा मुक्काम कर दाखवलेल्या किमतीत धरलाय का. जानेवारी २०२५ पासून तो साडेसात टक्के आहे. दुसरी, चादर आणि टॉवेल मिळतात की वेगळे पैसे पडतात. तिसरी, चेक-इन दुपारी असेल तर सकाळी बॅग ठेवून घेतात का. मुलींसाठी वेगळे डॉर्म बऱ्याच ठिकाणी असतात, तो पर्याय शोधतानाच फिल्टरमध्ये निवडता येतो. स्वतःचं छोटं कुलूप न्या.

पायरी ३: आठवडाभर आधी करायची दोन नोंदणी

राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, काचेच्या घुमटात जाणं मोफत आहे, पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख द्यायची, आणि जाताना पासपोर्ट न्यायचा. शनिवारी संध्याकाळची वेळ मागा. घुमट रात्री उशिरापर्यंत उघडा असतो. नोंदणी राहिली तर जवळच्या सेवाकेंद्रावर जागा शिल्लक असल्यास किमान दोन तास आधी मिळते, पण शनिवारी त्या भरवशावर राहू नका.

दुसरी नोंदणी ऐच्छिक. म्युझियम बेटावर जायचं असेल तर नॉयेस म्युझियमची वेळ ठरवून तिकीट काढा, विद्यार्थी ओळखपत्रावर सवलत मिळते. इजिप्तच्या राणी नेफरतितीचा प्रसिद्ध अर्धपुतळा तिथे आहे, त्या दालनात फोटो काढू देत नाहीत. पेर्गामोन म्युझियमचं नाव ऐकून बरेच जण जातात. ते दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे आणि त्याचा काही भाग २०२७ मध्ये उघडायचा आहे. मी स्वतः पहिल्या वीकेंडला म्युझियम ठेवणार नाही. उघड्यावरच बघायला इतकं आहे की दोन दिवस अपुरे पडतात.

पायरी ४: पिशवी

पाठीवरची एकच पिशवी. पासपोर्ट आणि रहिवास परवान्याचं कार्ड, विद्यापीठाचं ओळखपत्र, रोख वीस-तीस युरो (काही छोटी दुकानं कार्ड घेत नाहीत), शौचालयासाठी सुट्टी नाणी, पाण्याची बाटली, पावसाचं जॅकेट आणि रुळलेले बूट. शनिवारी दहा-बारा किलोमीटर सहज चालणं होतं. नवे बूट त्या दिवशी घालू नका.

शिदोरी न्या. दशम्या, धपाटे किंवा तिखटामिठाच्या पुऱ्या दोन दिवस टिकतात. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला ९९२ युरो सुटतात आणि त्यातलं निम्मं भाड्यात जातं, अशा काळात एका जेवणाची बचत म्हणजे हॉस्टेलच्या बेडचा तिसरा हिस्सा. डॉइचलांड तिकीट धरलं नाही तर हा सगळा वीकेंड शंभर युरोंच्या आत बसतो.

पायरी ५: शनिवार सकाळ, भिंतीच्या कडेने

सकाळी लवकरची आरई-१ धरा आणि बर्लिन हाउप्टबानहोफला न उतरता पुढच्या फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनवर उतरा. शहराची फाळणी झालेली असताना हे स्टेशन पूर्व बर्लिनमध्ये होतं, पण पश्चिमेच्या गाड्याही त्याच्या पोटातून जात. एकाच इमारतीत दोन देशांचे प्लॅटफॉर्म, मध्ये भिंती आणि पहारे. स्टेशनला लागून काचेची एक बैठी इमारत आहे, ट्रेनेनपालास्ट. १९६२ साली बांधलेला हा सीमा ओलांडण्याचा हॉल. पश्चिमेकडून आलेले नातेवाईक इथून परत जात आणि पूर्वेकडच्यांना दारातच थांबावं लागे. आत मोफत प्रदर्शन आहे आणि पासपोर्ट तपासणीची मूळ अरुंद केबिनसुद्धा. तिच्यात उभं राहून बघा. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्यासारख्यांना ती केबिन फार काही सांगते. सोमवारी हे प्रदर्शन बंद असतं.

तिथून एस-बानने (एस-१, एस-२, एस-२५ किंवा एस-२६) दोन स्टेशनं उत्तरेला गेलं की नोर्डबानहोफ. लगेच वर येऊ नका. खालच्या मार्गिकेत ‘भुताटकीच्या स्टेशनां’विषयीचं प्रदर्शन मांडलेलं आहे. पश्चिमेच्या काही गाड्या पूर्वेच्या हद्दीखालून धावत; त्या मधल्या स्टेशनांवर गाडी न थांबता हळू जात असे आणि अंधाऱ्या प्लॅटफॉर्मवर सशस्त्र पहारेकरी उभे असत. नोर्डबानहोफ त्यांपैकीच एक.

वर आलात की समोर बेर्नाउअर श्ट्रासे. माझ्या मते या शहरात एकच जागा बघायची असेल तर ही. भिंतीचं स्मारक या रस्त्याच्या कडेने १.४ किलोमीटर पसरलं आहे, उघड्यावरचा भाग रोज पाहता येतो आणि कुठेही पैसे लागत नाहीत. १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाली तेव्हा इथे विलक्षण परिस्थिती होती: रस्त्याच्या दक्षिण बाजूच्या इमारती पूर्वेत आणि त्यांच्या दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत. घराची भिंत म्हणजेच देशाची सीमा. आधी दारं बंद झाली, मग लोक खिडक्यांतून उड्या मारू लागले आणि खाली पश्चिमेचे अग्निशामक जवान जाळ्या धरून उभे राहत. मग खिडक्याही विटांनी बुजवल्या. २२ ऑगस्टला इडा झीकमान या बाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून उडी घेतली आणि त्यात त्या गेल्या. भिंतीपायी गेलेल्यांपैकी त्या पहिल्या मानल्या जातात. भिंतीवर किमान १४० माणसं मेली. त्यांच्या फोटोंची गंजक्या पोलादाची एक चौकट या हिरवळीवर उभी आहे. तिथे लहान मुलांचेही चेहरे आहेत. घाई करू नका.

जमिनीकडेही लक्ष ठेवा. गवतात धातूच्या पट्ट्या बसवलेल्या दिसतील, त्या सुटकेच्या भुयारांच्या वाटा दाखवतात. ऑक्टोबर १९६४ मध्ये इथल्याच एका भुयारातून ५७ जण पश्चिमेत आले. पुढे मातीच्या भिंतींचं एक छोटं लंबगोल चॅपेल लागतं. तिथे १८९४ सालचं चर्च होतं. भिंत झाल्यावर ते दोन कुंपणांच्या मधल्या मृत्युपट्ट्यात अडकलं, कुणालाच त्यात जाता येईना, आणि जानेवारी १९८५ मध्ये पूर्वेच्या सरकारने ते सुरुंग लावून पाडलं. भिंत पडायला तेव्हा पाच वर्षंही उरली नव्हती. २००० साली त्याच जागी हे मातीचं चॅपेल उभं राहिलं आणि भोवतीच्या पट्ट्यात आता राय नावाचं धान्य पिकवतात. उन्हाळ्यात गेलात तर जिथे गस्तीचे कुत्रे फिरत तिथे उभं पीक दिसेल.

रस्त्यापलीकडच्या माहिती केंद्राच्या गच्चीवर नक्की चढा. वरूनच कळतं की ‘भिंत’ म्हणजे एकच भिंत नव्हती. पूर्वेकडची आतली भिंत, मग विजेच्या इशाऱ्याचं कुंपण, टेहळणी मनोरा, गस्तीचा रस्ता, झाडून सपाट केलेली वाळू आणि शेवटी पश्चिमेकडची बाहेरची भिंत. एक तुकडा मनोऱ्यासकट जसा होता तसा राखलेला आहे. पश्चिम बर्लिनच्या भोवताली अशी सुमारे १५५ किलोमीटर सीमा होती.

या सगळ्याला दोन ते अडीच तास द्या.

पायरी ६: शनिवार दुपार आणि संध्याकाळ

बेर्नाउअर श्ट्रासेवरूनच एम-१० ट्राम धरा आणि वार्शाउअर श्ट्रासेला शेवटपर्यंत जा. हॉस्टेल तिथलं असेल तर बॅग टाकून जेवून घ्या. मग श्प्रे नदीकाठी ईस्ट साइड गॅलरी: १.३ किलोमीटरची उभी भिंत, १९९० साली २१ देशांतल्या ११८ चित्रकारांनी रंगवलेली. सकाळी जे पाहिलं त्यानंतर हे रंग वेगळे दिसतात, म्हणून क्रम उलटा करू नका. बहुतेक जण इथेच फोटो काढून ‘भिंत पाहिली’ म्हणतात. फोटो जरूर काढा, पण दुपारी इथे खूप गर्दी असते. पाकीट आणि फोन पुढच्या खिशात.

तिथून ३०० क्रमांकाच्या बसने उंटर डेन लिंडेनला जा. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर शहर आयतंच दिसतं. बेबेलप्लात्सला उतरा. चौकाच्या मधोमध फरशीत एक काच बसवलीय, खाली वाकून पाहिलं की पांढऱ्या रिकाम्या कपाटांची खोली दिसते. १० मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी याच चौकात सुमारे २०,००० पुस्तकं जाळली, त्याचं हे स्मारक. समोरच हुम्बोल्ट विद्यापीठ. डॉ. झाकीर हुसेन आणि राममनोहर लोहिया यांनी याच विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. लोहिया तर १९३३ सालीच. ज्या वर्षी समोर पुस्तकं जळत होती त्या वर्षी एक भारतीय विद्यार्थी इथे मिठाच्या सत्याग्रहावर प्रबंध पुरा करत होता.

पुढे ब्रांडेनबुर्ग दरवाजापर्यंत सरळ चालत जायचं. दरवाजा ओलांडलात की रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ शोधा. शहरभर भिंत जिथून जायची तिथे अशी ओळ आखली आहे, मधूनमधून लोखंडी पट्टीवर ‘१९६१–१९८९’ कोरलेलं आहे. एकदा ही ओळ ओळखता आली की उरलेल्या दिवसात ती तुम्हाला आपोआप सापडत जाते, कधी पार्किंगमध्ये, कधी एखाद्या कार्यालयाच्या पायरीपाशी. डावीकडे पाच मिनिटांवर ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक आहे, काँक्रीटचे २,७११ चौथरे. त्यांवर चढून, उड्या मारून फोटो काढणारे दिसतील. आपण तसं करू नये.

संध्याकाळ घुमटात. नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेला हा काचेचा घुमट १९९९ सालचा. गोल उताराने वर चढता येतं आणि खाली सभागृह दिसतं. जूनमध्ये साडेनऊनंतर सूर्य मावळतो, डिसेंबरमध्ये चारच्याही आधी. त्याप्रमाणे वेळ निवडा. शुक्रवार आणि शनिवारी यू-बान रात्रभर चालते, त्यामुळे परतायची चिंता नाही.

खाण्याविषयी

बर्लिनमध्ये शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. फलाफल आणि भाजलेलं हालूमी चीज घातलेला रोल कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. नॉयकोल्नमधल्या झोनेनआले या रस्त्यावर सीरियन, लेबनीज दुकानांची रांग आहे. हम्मस, फुल (बाकल्याच्या दाण्यांची उसळ), ताजी खुब्झ (अरबी रोटी) आणि पिस्त्याची मिठाई तिथे उत्तम मिळते. मांसाहारी असाल तर ड्योनर आहेच. बेकरीत चीजचा ब्र्योटशेन (छोटा पाव) दीड-दोन युरोंत पोट धरतो. गमीसारख्या गोळ्यांत जिलेटिन असतं, कडक शाकाहारी असलेल्यांनी पाकीट वाचावं. हॉटेलात पाणी मागितलं की बाटलीचं येतं आणि त्याचे पैसे पडतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. प्लास्टिकची बाटली विकत घेतली तर तिच्यावर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या यंत्रात परत मिळते.

रविवारी दुकानं बंद. नव्याने आलेले नेमके यातच अडकतात. अडलंच तर हाउप्टबानहोफमधलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. पण रविवारच्या दुपारचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवणं सोपं.

पायरी ७: रविवार, डालेम

रविवारी बरेच जण माउअरपार्कच्या जुन्या बाजाराला जातात. हा बागेचा पट्टाही पूर्वी सीमेवरचाच. बाजार छान असतो, तुम्हाला हवा तर सकाळी तासभर तिथे घालवा. मी मात्र मराठी विद्यार्थ्यांना आवर्जून दुसरीकडे पाठवते.

वार्शाउअर श्ट्रासेहून यू-३ धरा आणि फ्राये युनिव्हर्सिटेट (टीलप्लात्स) स्टेशनला उतरा. शांत, झाडीचा भाग. तिथून काही मिनिटांवर इहनेश्ट्रासे २२ ही इमारत आहे. आज तिथे विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा विभाग आहे. १९२७ पासून तिथे कायझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती, आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी पुण्याहून आलेल्या, वयाच्या पंचविशीच्या आतल्या इरावती कर्वे तिथे पीएच.डी.साठी काम करत होत्या. त्यांच्या परदेशी जाण्याला सासरे महर्षी कर्व्यांचा विरोध होता, जर्मनीत शिकून आलेले पती दिनकर कर्वे मात्र पाठीशी होते.

संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. कवटीच्या दोन बाजूंतली विषमता वंशाप्रमाणे बदलते, असं फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला. १९३० साली त्यांना पदवी मिळाली. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या पदवीचा निर्णय ज्याच्या हाती आहे त्या प्राध्यापकाच्या म्हणण्याविरुद्ध आकडे गेले तर आकडेच लिहायचे, हे या इमारतीत एका मराठी विद्यार्थिनीने केलं. थीसिस लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही जागा एकदा पाहावी असं मला मनापासून वाटतं.

या इमारतीचा पुढचा इतिहास भयंकर आहे. नाझी राजवटीत फिशर आणि ही संस्था वंशशुद्धीच्या धोरणाला शास्त्राचा आधार पुरवत राहिली. ऑशविट्झच्या छळछावणीतून योझेफ मेंगेले या नाझी डॉक्टरने मृतांचे अवयव इथे पाठवले. २०१४ साली जवळच विद्यापीठाच्या आवारात खोदकाम करताना मानवी हाडं सापडली, पुढे तिथे हजारो तुकडे मिळाले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांचं दफन झालं. इमारतीवर या इतिहासाची पाटी आहे. रविवारी आत जाता येईल असं धरू नका. पाटी वाचायची आणि रस्त्यावरून थोडं चालायचं.

पायरी ८: वान्झे आणि परतीची गाडी

पुन्हा यू-३ ने शेवटच्या क्रुमे लांके स्टेशनला जा. तिथून दहा-बारा मिनिटं चाललं की मेक्सिकोप्लात्सचं एस-बान स्टेशन. एस-१ पकडली की थोड्याच वेळात वान्झे, बर्लिनच्या नैर्ऋत्येचा मोठा तलाव. इथे तीन पर्याय आहेत. हिवाळ्यात उजेड लवकर जातो, तेव्हा एकच निवडा.

पहिला: ११४ क्रमांकाच्या बसने वान्झे परिषदेच्या व्हिलामध्ये जाणं. २० जानेवारी १९४२ ला नाझी अधिकाऱ्यांनी ज्यूंच्या संहाराची यंत्रणा इथे बसून ठरवली. प्रदर्शन मोफत आहे आणि अतिशय काळजीपूर्वक मांडलेलं आहे.

दुसरा: ३१६ क्रमांकाच्या बसने ग्लीनिके पुलापर्यंत. पश्चिम बर्लिन आणि पूर्व जर्मनीतलं पोट्सडाम यांच्यामधली सीमा या पुलाच्या मधोमध होती. १० फेब्रुवारी १९६२ ला अमेरिकन वैमानिक गॅरी पॉवर्स आणि सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेल यांची इथेच अदलाबदल झाली. पुलाच्या दोन अर्ध्यांचा हिरवा रंग आजही किंचित वेगळा आहे, मध्यावर उभं राहून पाहा.

तिसरा: स्टेशनसमोरच्या धक्क्यावरून एफ-१० ही फेरीबोट. ती शहर वाहतुकीचाच भाग आहे, त्यामुळे डॉइचलांड तिकिटावर चालते. वीस मिनिटांत तलाव ओलांडून क्लाडोव या गावात सोडते, साधारण दर तासाला फेरी असते. हवा चांगली असेल तर मी हाच पर्याय सांगेन. दीड दिवस मृत्यूच्या इतक्या जागा पाहिल्यावर तिसरी-चौथी मनात नीट उतरत नाही. बोटीत बसा, पलीकडे उतरून पाण्याकाठी उरलेली शिदोरी खा आणि पुढच्या फेरीने परत या.

माग्डेबुर्गला जाणारी आरई-१ वान्झे स्टेशनवर थांबते, तेव्हा पुन्हा बर्लिनच्या मध्यात जायची गरज नाही. अॅपमध्ये ‘बर्लिन-वान्झे’ घालून शोधा, पाटीवर माग्डेबुर्ग आहे हे बघून चढा आणि रविवारी संध्याकाळची शेवटची नको, तिच्या आधीची गाडी धरा. रात्री घरी काही शिजवायचं असेल तर डाळ-तांदूळ शुक्रवारीच आणून ठेवा.